तुझंच आहे ना?

त्या बाई विंगेच्या बाजूने आल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात ओंजळीसारखे जुळलेले होते आणि चाल अशी होती की ओंजळीत काहीतरी आहे, ते सांडू नये, निसटू नये, याची त्यांना काळजी आहे. माझ्यापासून दोन पावलांवर थांबून त्यांनी ओंजळ पुढे केली आणि म्हणाल्या, "सापडलं एकदाचं. तुझंच आहे ना?" मी ओंजळीकडे पाहिले. तिच्यात अर्थातच काही नव्हते. आम्ही दहा-बारा प्रौढ माणसे एका मोकळ्या खोलीत संहितेशिवायचे नाटक शिकायला जमलो होतो. तिथे वस्तू नव्हत्या, वेशभूषा नव्हती, भिंतीला लावून ठेवलेल्या खुर्च्या तेवढ्या होत्या. मला जे सुचले ते मी बोललो, "नाही, माझं नाही. आणि तुमच्या हातात तर काहीच दिसत नाही." खोलीत मोठा हशा पिकला. तो हशा कानांवर आला, छातीत ऊब पसरली, आणि त्याच क्षणी मला दिसले की त्यांची ओंजळ सुटली आहे. हात एकदम खाली आले नाहीत. ते सावकाश अलग होत दोन्ही बाजूंना गेले आणि आता त्यांचे काय करायचे हे न कळल्यासारखे तिथे लोंबत राहिले. शिकवणाऱ्यांनी टाळी वाजवून प्रवेश थांबवला.

नंतर पाणी पिताना मी त्यांना विचारले, "तुमच्या हातात काय होतं?" त्या जराही न रागावता म्हणाल्या, "मला तरी कुठे ठाऊक होतं? तुम्ही सांगाल असं वाटलं होतं."

त्या उत्तराने पुढचे कित्येक आठवडे माझा पिच्छा सोडला नाही.

माझे पोट मुद्रितशोधनावर चालते. छापायला जाणारा मजकूर ओळीओळीने वाचायचा, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे, सुटलेल्या अक्षराच्या जागी काकपद द्यायचे, पुन्हा आलेला शब्द उडवायचा, आणि समासात खूण करून पुढच्या ओळीवर जायचे. या कामाने माझी नजर घडवली आहे. पान हातात आले की त्यावर जे बरोबर आहे ते मला दिसतच नाही. चुकलेले मात्र आपण होऊन वर येते. हे काम मी कमी लेखत नाही. औषधाच्या माहितीपत्रकात दशांशचिन्ह एक घर सरकले तर काय होऊ शकते हे मला माहीत आहे, आणि तिथे कोणीतरी ठामपणे "नाही" म्हणणारे असावे लागते. पण पानापुढे बसून अंगी बाणलेली सवय पानापाशीच राहत नाही. बोलण्याआधी मी वाक्य मनात तपासतो. महत्त्वाचा फोन करायचा असेल तर मुद्दे कागदावर लिहून घेतो. काही वर्षांपूर्वी एका जवळच्या मित्राचे वडील गेले तेव्हा त्याच्याकडे जाताना वाटेत मी चार वाक्ये जुळवली होती. त्याने दार उघडले, माझ्या खांद्यांकडे पाहिले आणि विचारले, "वाटेत पाऊस लागला का रे?" मी त्याला ती चार वाक्ये सांगितली. वाक्ये चांगली होती. तो मान हलवत ऐकत राहिला, आणि त्याने टॉवेल आणायला वळवलेले पाऊल मागे घेतले, हे मला परतताना आठवले.

मी उत्स्फूर्त नाट्याच्या वर्गात का गेलो, असे कोणी विचारले तर बहुधा मी हीच गोष्ट सांगेन. नट व्हायची इच्छा मला कधीच नव्हती.

पहिल्या काही तासांत आम्ही नाटक असे काही केलेच नाही. वर्तुळात उभे राहून एकमेकांकडे टाळी "पाठवायची": शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाहून टाळी वाजवायची आणि त्याने ती घेऊन पुढे द्यायची. थोड्या वेळाने तळवे लाल होतात, लक्ष टाळीवरून येणाऱ्या माणसावर सरकते, आणि पायांखालच्या फरशीचा गारवासुद्धा जाणवू लागतो. मग प्रत्येकाने एकच शब्द जोडत गोष्ट सांगायची. हा खेळ मला फार जड गेला. माझी पाळी सहा जणांनंतर येणार असली तरी मी आधीच एक चांगला शब्द तयार ठेवत असे, आणि तो माझ्यापाशी पोहोचेपर्यंत गोष्ट भलतीकडेच वळलेली असे. हातात नाम असायचे आणि जागा क्रियापदाची असायची. त्यानंतर आरसा. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, एकाने हालचाल करायची, दुसऱ्याने त्याचे प्रतिबिंब व्हायचे, मग भूमिका बदलायच्या, आणि शेवटी कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही, अशा स्थितीत दोघांनी एकमेकांच्या मागे जात राहायचे. एकदा, जेमतेम अर्धा मिनिट, माझे आणि समोरच्या मुलाचे हात एकत्र वर गेले आणि त्याची सुरुवात कोणी केली हे दोघांनाही सांगता आले नाही. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या डोक्यातली खुणा करणारी पेन्सिल थांबली होती. तिचा आवाज इतकी वर्षे सतत येत होता, हे ती थांबल्यावरच कळले.

हे खेळ व्हायोला स्पोलिन यांच्या परंपरेतले आहेत, हे मला नंतर वाचून समजले. १९०६ साली शिकागोत जन्मलेल्या स्पोलिन तिथल्या हल हाऊस या समाजकेंद्रात नीव्हा बॉइड यांच्याकडे समूहखेळांचे शिक्षण घेऊन तयार झाल्या. पुढे स्थलांतरितांच्या वस्त्यांतल्या मुलांना नाटक शिकवताना त्यांनी असे खेळ रचले की अभिनय कसा करावा हे सांगावेच लागू नये. खेळातला प्रश्न सोडवता सोडवता मूल रंगमंचावर जे करायला हवे ते आपसूक करू लागावे. १९६३ साली त्यांनी हे खेळ पुस्तकरूपाने मांडले, आणि त्याआधीच, १९५९ साली, त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी सहकाऱ्यांसह शिकागोत सुरू केलेल्या सेकंड सिटी या नाट्यगृहाने त्यांचे सामर्थ्य दाखवून दिले होते. पण मला थांबवून ठेवले ते स्पोलिन यांच्या एका निरीक्षणाने. लहानपणापासून आपण शाबासकी आणि नापसंती यांच्यामध्ये वाढतो, त्यामुळे समोर काय आहे ते थेट अनुभवण्याऐवजी ते दुसऱ्याला कसे दिसेल याच्याच तजविजीत राहतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. तो वाचला आणि मला त्या दिवशीचा हशा ऐकू आला. मी ओंजळ नाकारली ती केवळ चूक दाखवायच्या सवयीने नव्हे. मला खोलीची शाबासकी हवी होती, ती मिळवायचा सगळ्यांत जवळचा मार्ग समोरच्या बाईंच्या हातांवरून जात होता, आणि मी तो घेतला.

या वर्गांत एक सूत्र पहिल्याच दिवशी सांगितले जाते: "हो, आणि." जोडीदाराने जे मांडले ते खरे मानायचे आणि त्यात आपले काही घालायचे. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात माझ्या तोंडून "हो, पण" येत असे, आणि आमच्या "पण" या शब्दाची सफाई अशी की तो होकाराच्या पाठीवर बसून नकाराचे काम करतो. या सूत्राचा दुसराही गैरसमज मी बरेच दिवस बाळगला. मला वाटले, प्रत्येक गोष्टीला मान डोलवायची आहे. एका प्रवेशात माझ्या मुलीचे काम करणारी तरुणी म्हणाली, "बाबा, मी घर सोडून चालले आहे," आणि मी म्हणालो, "हो, जा." प्रवेश तिथेच संपला. शिकवणाऱ्यांनी समजावले की होकार नटाने नटाला द्यायचा असतो, पात्राने पात्राला नव्हे. ती माझी मुलगी आहे, हे घर आहे, तिने निघायचे ठरवले आहे, हे सारे मी खरे मानले पाहिजे. आणि ते खरे मानल्यावर बाप म्हणून मी दाराशी आडवा उभा राहिलो तरी तो होकारच आहे. हा भेद समजल्यावर मला हायसे वाटले. याच आधारावर एकदा आमच्यातल्या एकाला थांबवण्यात आले. तो प्रत्येक प्रवेश अंगचटीकडे नेत असे आणि समोरच्याने "हो" म्हटलेच पाहिजे असे त्याला वाटत असे. ज्याच्या अंगावर हात पडतो ते पात्र नसून माणूस असते, आणि त्या माणसाचा नकार सूत्राच्या वरचा आहे, हे शिकवणाऱ्यांनी आवाज न चढवता, पण सगळ्यांसमोर सांगितले. त्या दिवशी त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढला.

मराठीत हे नाट्य करताना आणखी एक गोष्ट घडते आणि तिचा विचार मी अजून करतो आहे. आपल्याकडे पहिल्याच क्रियापदाला नाते ठरून जाते. "ये" म्हटले की एक जग उभे राहते, "या" म्हटले की दुसरे, आणि "यावे" म्हटले की तिसरेच. कीथ जॉनस्टन या ब्रिटिश नाट्यशिक्षकाने लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये नटांना एक सूचना दिली होती, की आपला दर्जा समोरच्यापेक्षा अगदी किंचित वर किंवा किंचित खाली ठेवा, आणि तेवढ्याने निर्जीव संवाद जिवंत झाल्याचा अनुभव त्यांना आला. ती सूचना आपल्या भाषेत सर्वनामांतच बसलेली आहे. हे ध्यानात आल्यावर मी त्या दिवशीचे संभाषण पुन्हा मनात वाचले, प्रूफ वाचतात तसे, आणि माझी दुसरी चूक मला तेव्हा दिसली. त्या म्हणाल्या होत्या, "तुझंच आहे ना?" वर्गात त्या मला "तुम्ही" म्हणत. म्हणजे हात पुढे करण्याआधीच त्यांनी मला काहीतरी दिले होते. मी त्यांचा मुलगा असेन, धाकटा भाऊ असेन, अंगाखांद्यावर वाढलेला शेजारचा कोणी असेन. आणि मी उत्तरलो, "तुमच्या हातात." आईला आपण "तू" म्हणतो. मी वस्तू नाकारली त्याच वाक्यात नातेही परत केले, आणि ते इतक्या सभ्यपणे की कोणाच्या लक्षातही आले नाही.

जॉनस्टन ज्या काळात लंडनमध्ये काम करत होते तेव्हा इंग्लंडमध्ये असे नाटक जाहीरपणे करणे कायद्यात बसत नव्हते. १७३७ सालच्या कायद्यापासून नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडून आधी मंजूर करून घ्यावी लागे. १९५८ साली जोन लिटलवुड यांच्या नाट्यसंस्थेतील मंडळींना मंजूर संहितेबाहेरचे रंगमंचावर बोलल्याबद्दल न्यायालयात दंड झाला. जॉनस्टन यांच्या चमूने वाट काढली ती प्रयोगाला शिकवणीचे रूप देऊन, कारण वर्ग घेण्यावर बंदी नव्हती. संहितेच्या पूर्वमंजुरीची ही पद्धत संपली १९६८ साली. म्हणजे दोनशे एकतीस वर्षे त्या देशात, उच्चारण्याआधी कोणी वाचलेला नाही असा शब्द रंगमंचावर बेकायदा होता. हा इतिहास वाचताना मला हसू आले नाही, कारण ते कार्यालय मला ओळखीचे वाटले. तिथे टेबलापाशी बसलेला माणूस दुष्ट नसतो. त्याला खरोखरच वाटत असते की आपण नसलो तर काहीतरी अनर्थ होईल.

आणि तयारी न करता बोलणाऱ्यांची परंपरा तर त्या कायद्याहून किती जुनी. सोळाव्या शतकात इटलीतल्या कोमेदिया देल्लार्तेच्या मंडळ्या नुसत्या कथासूत्रावर नाटक उभे करत. आपल्या दशावतारात आजही आख्यान ठरते आणि संवाद रंगमंचावर उमलतात. मात्र त्या नटांजवळ पात्र असते, कथा असते, वर्षानुवर्षे जिभेवर खेळलेली भाषा असते. नवशिक्याजवळ यातले काही नसते. म्हणून त्याला समोरचा माणूसच धरावा लागतो.

पण हे धरणे म्हणजे तयारी सोडणे, असे सरळ म्हणायलाही आता माझे मन घेत नाही. भाषाभ्यासकांनी निरनिराळ्या भाषांतली संभाषणे मोजली तेव्हा असे आढळले की एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात, आणि एखाद्या चित्रातली वस्तू पाहून तिचे नाव उच्चारायलाच सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण सगळे आपले उत्तर जुळवू लागलेलो असतो. तसे केले नाही तर गप्पा मारता येणार नाहीत. हे वाचून माझी अपराधी भावना थोडी निवली. प्रश्न जुळवण्याचा नसावा. मी मित्राच्या दारात उभा होतो तेव्हा माझे वाक्य घरून निघताना तयार झाले होते, आणि त्याचा प्रश्न ऐकल्यावरही मी ते टाकले नाही. ते टाकता येणे, हातातले नाम खाली ठेवून आत्ता लागणारे क्रियापद शोधणे, एवढीच गोष्ट मी आठवड्यातून एकदा त्या खोलीत जाऊन शिकतो आहे, आणि ती मला अजून नीट येत नाही.

मध्ये एकदा आम्हाला जॉनस्टन यांचा एक सराव दिला गेला. खोलीत फिरायचे, दिसेल त्या वस्तूकडे बोट करायचे आणि तिला मोठ्याने चुकीच्या नावाने हाक मारायची. खुर्चीला "समुद्र", खिडकीला "आत्या", दिव्याला "कालवा". माझ्या पेशाच्या माणसाला हे शारीरिक कष्टासारखे वाटते. पहिली काही नावे मी आधीच ठरवून म्हटली आणि ती गुळगुळीत निघाली. मग ठरवलेला साठा संपला, जीभ अडखळली, आणि भिंतीकडे बोट करून मी "मंगळवार" असे ओरडलो. खेळ संपल्यावर डोळे वर केले तेव्हा खोली बदललेली होती. भिंतीचा पिवळा रंग जास्त पिवळा होता. खुर्चीच्या पाठीवर झिजून झालेली गुळगुळीत जागा होती, कित्येक पाठींनी केलेली, आणि ती मी कधी पाहिलीच नव्हती. नाव बरोबर आहे हे तपासून झाल्यावर मी वस्तूकडे पाहणे थांबवतो, असा याचा अर्थ होत असेल, तर गेली कित्येक वर्षे माझे काय काय पाहायचे राहून गेले असेल, या विचाराने त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप लागली नाही.

त्याच रात्री धाकटी बहीण आठवली. ती पाच वर्षांची असेल, मी नऊ-दहाचा. तिने जमिनीवर चार उशा मांडून मोटार केली होती आणि डब्याचे गोल झाकण माझ्या हातात देऊन म्हणाली होती, "दादा, तू चालव." मी म्हणालो, "हे झाकण आहे." तोवर मी तिच्याबरोबर कितीतरी मोटारी चालवल्या होत्या, त्या दिवशी मला मोठे व्हायचे होते. तिने झाकण माझ्या हातातून घेतले आणि एकटीच पुढे बसली. मी अलीकडे तिला याबद्दल विचारले. तिला ती मोटार आठवत नाही, झाकण आठवत नाही, मी नाही म्हटल्याचेही आठवत नाही. ज्याची क्षमा मागायची ते दुसऱ्याच्या स्मृतीत उरलेलेच नसेल तर माणसाने काय करावे, ते मला उमगले नाही. मी तिला "बरं" म्हटले आणि आम्ही दुसरे काही बोलत राहिलो.

मागच्या आठवड्यात पुन्हा माझी आणि त्या बाईंची जोडी लागली. मधल्या काळात आम्ही दोन-तीन प्रवेश एकत्र केले होते, बरे-वाईट, पण त्या ओंजळीचा विषय निघाला नव्हता. या वेळी त्या आधीपासून रंगमंचावर होत्या, खिडकीशी उभ्या असल्यासारख्या, बाहेर पाहत. आत मला जायचे होते. विंगेत उभा असताना मनात तीन सुरुवाती तयार झाल्या, तिन्ही व्यवस्थित. मी पाऊल टाकले आणि माझे हात कसे कोण जाणे जुळले. आत काय आहे हे मला ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नसताना पावले टाकत राहणे किती अवघड असते, एवढ्या लोकांसमोर, हे त्या पाच-सहा पावलांत मला कळले. घशाला कोरड पडली होती. त्यांच्याजवळ पोहोचून मी ओंजळ पुढे केली आणि म्हणालो, "हे बघ."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग पदराचे टोक हातात घेत त्या पुढे झाल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "फार भिजलंय का रे?"

माझ्या तळव्यांना ओल लागत होती.